आयोगाला मुदतवाढ

आमच्या डब्यात त्याला खऱ्या नावाने कोणी हाक मारत नाही. डोंबिवलीहून सकाळी सुटणाऱ्या फास्ट लोकलमधल्या आमच्या ग्रुपने त्याचं नाव ‘आयोग’ ठेवलं ते प्रेशर कुकरच्या प्रकरणानंतर. घरचा जुना कुकर कामातून गेला आणि वहिनींनी नवा आणायला सांगितला. दुसरा कोणीही स्टेशनाबाहेरच्या भांड्यांच्या दुकानात गेला असता, दोन-चार कुकर उचलून बघितले असते आणि रात्रीच्या जेवणाआधी घरी आला असता. आयोगाने आधी मूळ प्रश्न उभा केला : झाकण आतून बसणारा कुकर चांगला की बाहेरून बसणारा? मग डब्यातल्या प्रत्येकाच्या घरची साक्ष झाली. कोणाकडे कुठला, किती लिटरचा, तूरडाळीला किती शिट्ट्या, रिंग किती दिवसांनी बदलली. कल्याणहून येणाऱ्या एकाची तर उलटतपासणी घेतली, कारण आधी तो तीन शिट्ट्या म्हणाला होता आणि नंतर चार. इकडे वहिनी पातेल्यावर ताट ठेवून डाळ शिजवत होत्या. शेवटी त्यांनीच भिशीच्या पैशातून कुकर आणला. आयोगाने झाकण दोनदा लावून-काढून बघितलं आणि म्हणाला, “ठीक आहे. पण निष्कर्ष अजून यायचे होते.”

दोष थोडा नोकरीचाही आहे. एका निमसरकारी कार्यालयाच्या खरेदी विभागात त्याची हयात गेली. टाचण्यांची डबी घ्यायची तरी तीन कोटेशनं, त्यांचं कंपॅरेटिव्ह स्टेटमेंट, वर शेरा, खाली सही. मोठी खरेदी असली की आधी टेक्निकल बिड उघडायचं आणि त्यात जो टिकेल त्याचंच फायनान्शियल. त्या विभागातली बाकीची माणसं साडेपाचला हे सगळं टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावतात. हा घरी घेऊन यायचा.

कुकर, गादी, मुलाचा क्लास ही सगळी किरकोळ प्रकरणं. आयोगाचं नाव ज्याच्यामुळे आमच्या मार्गावर अजरामर झालं ते प्रकरण म्हणजे त्याचा चष्मा.

दोन्ही डोळ्यांना उणे सात. १९९८ च्या पावसाळ्यात ठाण्याला आत घुसलेल्या लोंढ्यात तो चष्मा नाकावरून उडाला आणि कोणाच्या तरी बुटाखाली गेला. सीएसटीपर्यंत आयोग दांडीला धरून उभा राहिला आणि कोणतं स्टेशन आलं ते आम्ही त्याला सांगत राहिलो. दुसऱ्या दिवशी कपाटातला जुना चष्मा काळ्या दोऱ्याने बांधून तो आला आणि म्हणाला, “बस झालं. लेझर करून टाकतो.”

‘करून टाकतो’ हे क्रियापद त्याच्या तोंडून आम्ही पहिल्यांदाच ऐकलं होतं. त्या आनंदात कोणीतरी सगळ्यांना वडापाव खिलवला. तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता.

सर्वसाधारण माणूस अशा वेळी दोन गोष्टी विचारतो : किती पैसे लागतील आणि दुखेल का? आयोगाने उगमापासून सुरुवात केली. लायब्ररीतून मासिकं, नेत्रतज्ज्ञांची पत्रकं, पुढे सायबर कॅफेतून तासाच्या भाड्याने काढलेली प्रिंटआउटं असं करत एक बॉक्स फाइल भरली आणि तिच्यातला मजकूर रोज सकाळी मुलुंड ते दादर आम्हाला ऐकवण्यात येऊ लागला. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. एरवी त्या वेळात पत्ते चालतात किंवा भजन. आम्हाला डोळ्यांचा इतिहास मिळाला.

मॉस्कोच्या फ्योदोरोव यांनी सत्तरच्या दशकात कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या अगदी पुढच्या पारदर्शक पडद्यावर, कडेकडे जाणारे बारीक चिरे देऊन नंबर उतरवायला सुरुवात केली. पुढे त्यांच्या संस्थेत पेशंट सरकत्या पट्ट्यावर झोपून एका सर्जनकडून दुसऱ्याकडे जायचा आणि प्रत्येक सर्जन आपल्या वाट्याचं ठरलेलं काम करायचा. आम्ही शहारलो. आयोगाला मात्र ही पद्धत फार पसंत पडली. “काम कोणत्या टेबलावर बिघडलं ते लगेच शोधता येतं,” तो म्हणाला.

त्याच्याही आधी कोलंबियातल्या बोगोटा शहरात बाराकेर नावाच्या डॉक्टरांनी कॉर्नियाची चकती कापून काढली, गोठवली, लेथवर घासून तिचा आकार बदलला आणि पुन्हा डोळ्यावर बसवली. आमच्यात परळच्या रेल्वे वर्कशॉपमधला एक टर्नर आहे. त्याने वर्तमानपत्र खाली केलं.

“लेथवर? टॉलरन्स किती?”

“मायक्रॉनमध्ये. अख्खा कॉर्नियाच मधोमध पाचशे चाळीसच्या आसपास असतो. अर्ध्या मिलिमीटरला थोडा जास्त.”

टर्नर घाटकोपरपासून दादरपर्यंत काही बोलला नाही. उतरताना एवढंच म्हणाला, “माणूस कारागीर होता.”

आयोगाची सगळ्यात लाडकी साक्ष होती टर्कीची. अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत मद्रासमध्ये जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी विन आणि ब्लम हे एक्सायमर लेझरवर काम करत होते. १९८१ च्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या जेवणातली उरलेली टर्की श्रीनिवासन यांनी प्रयोगशाळेत आणली आणि तिच्यावर हा १९३ नॅनोमीटरचा अतिनील किरण सोडला. मांस ना जळलं, ना करपलं. जिथे किरण पडला तिथला सूक्ष्म थर तेवढा नाहीसा झाला आणि कडा स्वच्छ राहिल्या. तिथून तो लेझर कॉर्नियापर्यंत पोचला आणि १९८८ साली डॉ. मार्गरिट मॅकडोनाल्ड यांनी दिसत असलेल्या मानवी डोळ्यावर तो पहिल्यांदा वापरला. ही हकीकत आयोगाने घरी सांगितली तेव्हा वहिनींना दोनच शंका आल्या. आपण शाकाहारी असताना हे चालेल का, आणि शिळ्या पक्ष्याला बरं दिसायला लागलं हे कोणी तपासलं?

असा पहिला खंड पुरा झाला. दुसऱ्या खंडात प्रत्यक्ष निवड होती, पीआरके की लॅसिक? इथे आयोग पुरता रमला, कारण दोन्ही बाजूंनी खरोखरच बोलण्यासारखं होतं.

पीआरकेमध्ये कॉर्नियावरची नाजूक साल खरवडून काढतात आणि खाली लेझर मारतात. साल परत यायला चार-पाच दिवस. तोवर डोळ्यावर पट्टीवजा कॉन्टॅक्ट लेन्स, पाणी, जळजळ, अंधाऱ्या खोलीत पडून राहणं. नजर पूर्ण निवळायला काही आठवडेही जातात. लॅसिकमध्ये कॉर्नियाचा एक पातळ पापुद्रा कापून बाजूला करतात, खाली लेझर मारतात आणि पापुद्रा परत जागेवर ठेवतात. दुसऱ्या दिवशी माणूस घड्याळ वाचतो. पुढे काही महिने डोळे कोरडे पडतात, थेंब घालत राहावे लागतात, पण रजा वाचते.

रजा हा आयोगाच्या लेखी मोठा मुद्दा. लॅसिक दोन कॅज्युअलमध्ये बसत होतं. पीआरकेला अर्जित रजा मोडावी लागत होती आणि अर्जित रजा तो निवृत्तीला रोखीत रूपांतर करण्यासाठी साठवत होता. म्हणजे लॅसिक ठरल्यासारखंच होतं. तेवढ्यात त्याच्या वाचनात आलं की तो पापुद्रा वरवर बसला तरी मूळच्या ताकदीने कधीच जोडला जात नाही. डोळ्यावर जोराचा मार बसला तर वर्षांनंतरही सरकू शकतो. म्हणूनच कुस्ती, बॉक्सिंग असले अंगावर येणारे खेळ खेळणाऱ्यांना डॉक्टर पीआरके सुचवतात.

“मी कुठे कुस्ती खेळतो,” तो स्वतःशीच म्हणाला. त्याच क्षणी गाडी ठाण्यात शिरली आणि कोणाचं तरी कोपर त्याच्या कानशिलावर बसलं. आयोगाने फाइल उघडून पीआरकेच्या रकान्यात एक टीप लिहिली.

यावर काही वर्षं गेली. दरम्यान पापुद्रा ब्लेडने कापायचा की फेम्टोसेकंद लेझरने, असा नवा उपप्रश्न निघाला आणि हॉस्पिटलांच्या पाट्यांवर ‘ब्लेडलेस’ हा शब्द झळकू लागला. आम्ही सकाळी विचारायचो, “काय आयोग, अहवाल कधी?” तो म्हणायचा, “अरे, तंत्रज्ञान बदलतंय. घाईत आठवड्यापूर्वी केलं असतं तर आज पस्तावलो असतो.” हे खोडून काढणं अवघड असतं. थांबणाऱ्याच्या बाजूने नेहमीच काहीतरी नवीन निघत असतं.

एक गोष्ट मला बऱ्याच उशिरा लक्षात आली. एवढ्या काळात त्याने डोळ्यांची मूळ तपासणी करून घेतली नव्हती. पापुद्रा, साल, लेझर सगळं त्याला तोंडपाठ; स्वतःचा कॉर्निया किती जाड आहे ते माहीत नाही. आणि खरं तर या निवडीतलं निम्म्याहून अधिक काम ती तपासणीच करते. जाडी मोजतात, पृष्ठभागाचा रंगीत नकाशा काढतात, अंधारात बाहुली किती मोठी होते ते बघतात, नंबर वर्षभर स्थिर आहे ना ते विचारतात. त्यातून पाच पर्यायांचे दोन उरतात, कधी एक, कधी शून्य. आयोगासारख्याला हे ऐकवणं म्हणजे त्याच्या हातातलं काम काढून घेणं. म्हणून तो तिकडे फिरकत नव्हता असं माझं मत आहे, ते त्याला मान्य नाही.

अखेर २००६ मध्ये वहिनींनीच अपॉइंटमेंट घेतली. कॉर्नियाची जाडी निघाली चारशे ऐंशी. डॉक्टरांनी कागदाच्या कोपऱ्यात हिशेब मांडून दाखवला. एक नंबर उतरवायला साधारण बारा ते पंधरा मायक्रॉन जातात. सातासाठी धरा शंभर. पापुद्र्याचे एकशे दहा. उरले दोनशे सत्तर. अडीचशेच्या खाली तर जाताच येत नाही, आणि तीनशे शिल्लक राहिलेले बरे. नाहीतर पातळ पडलेला कॉर्निया हळूहळू पुढे फुगतो. शिवाय नकाशात खालच्या बाजूला जरा संशयास्पद उतार दिसत होता.

“डोळे चोळता का?” डॉक्टरांनी विचारलं.

“विचार करताना चोळतो,” आयोग म्हणाला.

“म्हणजे दिवसभर,” वहिनी म्हणाल्या.

लॅसिक बाद झालं आणि त्या उतारामुळे पीआरकेही बाद. आठ वर्षं ज्या दोन पक्षांची बाजू त्याने ऐकली ते दोघेही टेक्निकल बिडमध्येच उडाले. दुसऱ्या दिवशी डब्यात तो इतका गप्प होता की आम्हाला वाटलं घरात काही वाईट घडलं.

पण डॉक्टरांनी जाता जाता तिसरी वाट दाखवली होती. कॉर्नियाला हात न लावता बुबुळाच्या रंगीत पडद्यामागे आणि डोळ्याच्या स्वतःच्या भिंगापुढे एक मऊ लेन्स सरकवून ठेवायची. तिला आयसीएल म्हणतात. आत पुरेशी जागा लागते, माप नेमकं लागतं, खर्च लेझरपेक्षा जास्त. मात्र गरज पडली तर ती काढता येते. या शेवटच्या वाक्याने आयोगात प्राण आले. “म्हणजे निर्णय घेतला तरी तो अंतिम नाही!” हे तो आम्हाला आठवडाभर सांगत होता. आयुष्यात प्रथमच त्याच्या मनाजोगी शस्त्रक्रिया सापडली होती आणि मला खात्री आहे, त्या महिन्यात त्याने ती केलीही असती.

आडवी आली चाळिशी. तो एकेचाळिसाव्यात होता आणि जवळचं वाचताना चष्मा कपाळावर चढवायला लागला होता. उणे नंबरवाल्याची ही एकच चैन : चष्मा काढला की पुस्तक आपोआप स्पष्ट. लेन्स बसवून लांबचा नंबर शून्य केला तर ही सोय जाणार आणि वाचायला वेगळा चष्मा लागणार. “म्हणजे एक चष्मा घालवायला लाखभर खर्च आणि दुसरा चष्मा फुकट,” असा शेरा मारून त्याने प्रकरण पुन्हा खुलं केलं. मग एक डोळा लांबसाठी आणि एक जवळसाठी ठेवण्याची पद्धत अभ्यासली गेली. तीन दिवस डाव्या डोळ्याची काच काढून तो फिरला आणि तिसऱ्या दिवशी कुर्ल्याला उतरून पनवेलच्या गाडीत बसला.

याच सुमारास त्याच्या पुतणीचं लग्न ठरत होतं. चष्मा नसलेली मुलगी हवी असं स्थळांकडून आडून आडून यायचं. ती त्याला म्हणाली, “काका, मला स्वतःलाच चष्म्याचा कंटाळा आलाय, स्थळं गेली खड्ड्यात. तुम्ही सांगा काय करू.” आयोगाने तिला दोन्ही बॉक्स फाइल रिक्षाने पाठवल्या. तिने आठवडाभर कॉन्टॅक्ट लेन्स बंद ठेवल्या, तपासणी केली, डॉक्टर म्हणाले लॅसिक चालेल, तिने शुक्रवारी केलं आणि सोमवारी ऑफिसला गेली. फाइल परत आल्या तेव्हा त्यांच्या दोऱ्याची गाठ आयोगाने मारली होती तशीच होती. त्याला वाईट वाटलं ते एवढ्याचंच.

२०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने स्माइल या पद्धतीला मान्यता दिली. यात पापुद्राच नाही. लेझर कॉर्नियाच्या आतल्या आत एक पातळ चकती कोरतो आणि सर्जन ती चार मिलिमीटरच्या आतल्या चिरेतून ओढून काढतो. बातमी वाचून आयोग दहा वर्षांनी तरुण झाला आणि त्याच डॉक्टरांकडे गेला. त्यांनी जुना कागद काढला. चकती कॉर्नियातूनच निघते, कॉर्निया तोच आहे. शिवाय आता तुम्ही एक्कावन्न वर्षांचे आहात.

मग आला विम्याचा अध्याय. चष्म्याचा नंबर घालवण्याचा खर्च मेडिक्लेम देत नाही हे तो जाणून होता. २०१९ मध्ये विमा नियामकाने पॉलिसीतून वगळायच्या गोष्टी प्रमाणित केल्या, तेव्हा त्याने त्या ओळ न ओळ वाचल्या आणि त्याला मर्म सापडलं. वगळलेला दृष्टिदोष हा साडेसात डायॉप्टरपेक्षा कमी असलेला. आयोगाचा नंबर सात. अर्ध्या नंबराने क्लेम हुकत होता! सरकारी निविदेत अर्ध्या टक्क्याने काम गेलेल्या ठेकेदाराचं दुःख त्या दिवशी त्याने अनुभवलं. त्यानंतर तो गाडीत मंद दिव्याखाली बारीक टाइप वाचत बसायचा. नंबर वाढवायचा प्रयत्न चालू आहे, असा टर्नरचा आरोप आहे. त्या वयात तसा वाढत नाही, हे फाइलमध्येच लिहिलेलं होतं.

आणि नंबर वाढला. पुढच्या दोन वर्षांत सातचा आठ, आठचा नऊ. आयोग पेढे घेऊन डॉक्टरांकडे गेला. त्यांनी डोळ्यात थेंब घातले, आत पाहिलं आणि म्हणाले, “काका, हा मोतीबिंदू आहे. उणे नंबर जास्त असलेल्यांना जरा लवकर येतो, आणि भिंग मधोमध कडक व्हायला लागलं की नंबर असा चढतो.”

म्हणजे सगळं मिटलंच होतं. गढूळ भिंग काढायचं, त्या जागी कृत्रिम भिंग बसवायचं. त्या भिंगाची पॉवर हवी तशी निवडली की जन्माचा उणे नंबर त्याच्याबरोबर जातो. कॉर्नियाच्या जाडीचा प्रश्न नाही, विम्याचा प्रश्न नाही, साल-पापुद्रा काही नाही. लॅसिक केलेल्यालाही एक दिवस हीच शस्त्रक्रिया करावी लागते. उलट त्याच्या बाबतीत भिंगाची पॉवर काढणं किचकट होतं, कारण कॉर्नियाची मूळ मापं बदललेली असतात. आयोगाचा कॉर्निया कोरा करकरीत होता. “बघ, थांबलो ते बरं झालं की नाही?” असं त्याने मला फोन करून विचारलं.

पण भिंगांचे प्रकार असतात, हे डॉक्टरांनी सांगायला नको होतं. एकाच अंतराला स्पष्ट दिसणारं मोनोफोकल. लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणारं मल्टिफोकल, ज्यात रात्री दिव्यांभोवती कडी दिसण्याची शक्यता. मधला पल्ला लांबवणारं ईडीओएफ. तिरपा नंबर असेल तर टोरिक. आयोगाने खिशातून पेन काढलं. लढाऊ विमानांच्या तुटलेल्या छताचे प्लास्टिकचे तुकडे ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत निमूट राहिलेले पाहून हॅरल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडनला पहिलं कृत्रिम भिंग बसवलं, तिथपासून तो सुरुवात करणार हे वहिनींनी ओळखलं आणि त्या खुर्ची पुढे ओढून बसल्या.

“काका, मला एकच सांगा,” डॉक्टर म्हणाले. “दिवसभर तुम्ही जास्तीत जास्त वेळ काय बघता?”

आयोग घसा खाकरत होता तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, “फाइल.”

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सांगितलं की जन्मभर चष्मा काढून वाचलेल्या माणसाला सगळं लांबचं शून्य करून दिलं तर तो हरवल्यासारखा होतो. मोनोफोकल घ्या, मुद्दाम उणे अडीच ठेवू. हातभर अंतरावरचं उघड्या डोळ्यांनी वाचाल, लांबचं बघायला पातळसा चष्मा लागेल. “चष्मा लागेलच?” आयोगाने विचारलं. “लागेल,” डॉक्टर म्हणाले. वहिनींनी तारीख घेतली.

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया अर्ध्या तासाच्या आत झाली. डावा दोन आठवड्यांनी करायचा होता. दोन डोळ्यांत एवढा फरक राहिला तर डोकं धरतं, म्हणून उशीर करू नका, असं बजावलं होतं. त्याच्या पुढच्या महिन्यात आयोग आम्हाला भेटायला म्हणून नेहमीच्या गाडीला आला. निवृत्त झाल्यापासून तसा अधूनमधून येतो. खिडकीशी बसून तो एकदा उजवा डोळा मिटत होता, एकदा डावा. डाव्यातून टर्नरचा शर्ट पिवळट दिसतो आणि उजव्यातून पांढरा शुभ्र. आकाश एकीकडे मळकं, एकीकडे निळं. हे सगळं तो एका कोऱ्या कागदावर दोन रकाने पाडून लिहून घेत होता. मधूनच कपाळ दाबत होता.

“डाव्याची तारीख कधीची?” मी विचारलं.

“होती. पुढे ढकलली,” तो म्हणाला. “अरे, इतक्या वर्षांनी दोन्ही कोटेशनं समोर आहेत. डावा केला की तुलना कशाशी करू?”